न कळण्याची सोय



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय सुचवला तो असा : साहित्यात आणि आयुष्यात एकदम लख्ख कळून जाण्याचे क्षण. विषय आवडला आणि त्याच वेळी थोडा संशयही आला. आवडला, कारण वाचणाऱ्या माणसाजवळ अशा क्षणांचा साठा असतोच. संशय अशासाठी की या क्षणांच्या गोष्टी फार देखण्या असतात, आणि देखणी गोष्ट दिसली की आधी तिची उलटतपासणी घ्यावी, ही मला लागलेली खोड आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते शिक्षक होते. त्यांना ही खोड फारशी खटकली नसती, असे मी धरून चालतो.

तेव्हा उलटतपासणीपासूनच सुरुवात करू. पहिला साक्षीदार अर्थातच आर्किमिडीज. टबात बसला, पाणी सांडले, सोन्याच्या मुकुटातली भेसळ कशी ओळखायची ते सुचले आणि गडी तसाच रस्त्यावर धावत सुटला. ही गोष्ट आपल्याला सांगितली कुणी? व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुतज्ज्ञाने. आर्किमिडीज मारला गेला इसवी सनपूर्व २१२मध्ये, आणि व्हिट्रुव्हियसने हे लिहिले त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी. तरंगणाऱ्या वस्तूंवरचा खुद्द आर्किमिडीजचा ग्रंथ आज उपलब्ध आहे. त्यात प्रमेये आहेत. टब नाही आणि धावाधावही नाही. दुसरा साक्षीदार रसायनशास्त्रज्ञ केकुले. शेकोटीसमोर डुलकी लागली, स्वप्नात स्वतःचेच शेपूट तोंडात धरलेला साप दिसला आणि बेन्झीनच्या रेणूची रचना उमगली. बेन्झीनवरचा त्याचा निबंध १८६५चा. सापाची गोष्ट त्याने जाहीरपणे सांगितली १८९०मध्ये, बर्लिनला, त्याच्याच गौरवासाठी भरलेल्या समारंभात. सत्काराला उत्तर देताना माणूस काय काय सांगतो, हे इथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे.

मी या गोष्टी खोट्या म्हणत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की क्षण घडतो एकदा आणि सांगितला जातो पुष्कळ नंतर. सांगताना त्याच्या मागचापुढचा पसारा गळून पडतो, आणि पसारा गळाला की जे उरते ते आपोआपच विजेसारखे दिसते.

एका क्षणाचा पुरावा मात्र पक्का आहे. १६ ऑक्टोबर १८४३. विल्यम रोवन हॅमिल्टन हा गणिती पत्नीबरोबर डब्लिनमधल्या रॉयल कालव्याच्या काठाने सभेला निघाला होता. ब्रूम पुलापाशी त्याला एक सूत्र सुचले आणि त्याने खिशातला चाकू काढून ते पुलाच्या दगडावर कोरले. दुसऱ्याच दिवशी त्याने मित्राला पत्र लिहून हा सगळा विचार कळवला, म्हणून या गोष्टीवर मी विश्वास ठेवतो. पण तिच्यातला मला आवडणारा भाग पुलावरचा नाही, घरातला आहे. त्या महिन्यात रोज सकाळी न्याहारीला हॅमिल्टन खाली आला की मुले विचारायची, बाबा, त्रिकुटांचा गुणाकार जमला का? आणि बाप मान हलवून सांगायचा, नाही, अजून नुसती बेरीज-वजाबाकीच येते. तीन-तीन संख्यांची त्रिकुटे घेऊन त्यांचा गुणाकार बसवण्याचा त्याचा खटाटोप कित्येक वर्षांचा होता. पुलावर त्याला उमगले ते असे : तीन पुरत नाहीत, चार लागतात, आणि उजवीकडून गुणले काय नि डावीकडून काय, उत्तर एकच, हा शाळेपासूनचा नियम इथे सोडावा लागतो. म्हणजे त्या क्षणी नवे हाती येण्याइतकेच जुने हातचे सुटणेही होते. दोन गोष्टी त्याने घट्ट धरून ठेवल्या होत्या, त्या सुटल्या.

इथून मला माझा धागा सापडतो. आपण म्हणतो, त्याला एकदम कळले. माझे म्हणणे असे की बहुतेक वेळा त्याला ते आधीच कळलेले असते, निदान कळण्यासारखे सगळे त्याच्यापुढे मांडून ठेवलेले असते. त्या क्षणी घडते ते एवढेच, की न कळण्याची सोय संपते.

ईडिपसचे नाटक घ्या. नायकाला सत्य उमगण्याचा आदर्श प्रसंग म्हणून ॲरिस्टॉटलने सॉफोक्लीजच्या याच नाटकाकडे बोट दाखवले. थीब्ज नगरीत साथ पसरली आहे, आधीच्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय ती हटणार नाही, आणि राजा ईडिपस त्या खुन्याच्या मागावर आहे. आपण लहानपणापासून ऐकत आलो की शेवटी त्याला धक्का बसतो : खुनी मीच, मारला तो माझा बाप, आणि जिच्याशी लग्न केले ती माझी आई. पण नाटक जरा सावकाश वाचा. नाटकाचा पहिला भाग संपतो न संपतो तोच आंधळा द्रष्टा टायरीसियस राजाच्या तोंडावर सांगतो की तू ज्याला शोधतो आहेस तो तूच. याहून स्पष्ट कसे सांगायचे? ईडिपस ते ऐकतो आणि लगेच ठरवतो की हा मेहुण्या क्रेऑनचा कट आहे, माझे सिंहासन बळकावण्याचा. राजकारणी माणसाला सत्यापेक्षा कट लवकर पटतो, हे सॉफोक्लीजला अडीच हजार वर्षांपूर्वी माहीत होते. पुढे कॉरिंथचा निरोप्या येतो, तोही ईडिपसला दिलासा द्यायला. त्याच्या बोलण्यातून सगळे दुवे जुळतात. पण ते ईडिपसच्या आधी जुळतात राणी योकास्टाच्या मनात. ती त्याला विनवते की आता पुढे विचारू नकोस, आणि आत निघून जाते. आणि हा बहाद्दर काय म्हणतो? मी हलक्या कुळातला निघेन म्हणून राणीला लाज वाटते आहे! सत्य उंबऱ्याशी येऊन उभे आहे तरी त्याला दुसरे कारण सापडतेच. सोयी अशा एकामागून एक वापरून संपतात, शेवटी म्हातारा धनगर बोलतो, आणि मग एकही उरत नाही.

योकास्टाजवळ मला थोडे थांबावेसे वाटते. सत्य उमगले तिला आधी, पण टाळी मिळते ईडिपसला. साहित्यात हे फार घडते. जेम्स जॉइसचीच एक कथा पाहा. जॉइस हा तर अशा क्षणांचा मोठा कारागीर; साध्यासुध्या गोष्टीतून एकाएकी काहीतरी प्रकटावे, या प्रकाराला त्याने ख्रिस्ती पंचांगातल्या ६ जानेवारीच्या सणाचे नाव दिले. १९१४मध्ये आलेल्या त्याच्या ‘डब्लिनर्स’ या संग्रहातली शेवटची कथा ‘द डेड’. मेजवानी आटोपली आहे, निघायची वेळ झाली आहे, आणि गेब्रिएलची बायको ग्रेटा जिन्यात उभी राहून वरून येणारे कुणाचे तरी गाणे ऐकते आहे. नंतर हॉटेलच्या खोलीत ती सांगते की ते गाणे गॅलवेतला एक मुलगा म्हणायचा. सतरा वर्षांचा होता, आजारी असतानाही पावसात तिच्यासाठी बागेत येऊन उभा राहिला होता, आणि नंतर वारला. हे सांगून ती रडते आणि झोपी जाते. गेब्रिएल जागा राहतो, आणि त्याला उमगते की आपण कुणावर असे प्रेम केलेले नाही. सगळे समीक्षक गेब्रिएलच्या त्या क्षणावर लिहितात. मला ग्रेटाचे नवल वाटते. तिला ते वर्षानुवर्षे ठाऊक होते, आणि तेवढे मनाशी धरून ती संसार करत होती.

आता आपल्याकडे येऊ. शकुंतलेची गोष्ट मराठी माणसाला काही परकी नाही. १८८०मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून तर ती आपल्या घरचीच. ओळख पटण्याचा क्षण म्हणजे अंगठी, हे पोरासोरांनाही माहीत. माशाच्या पोटात अंगठी सापडते, कोळ्याला शिपाई पकडतात, अंगठी राजापुढे येते आणि दुष्यंताला सगळे आठवते. पण महाभारतातल्या मूळ आख्यानात अंगठी नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. तिथे शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते, राजा तिला ओळखतो आणि भर सभेत म्हणतो की ही कोण मला ठाऊक नाही. आकाशवाणी होते तेव्हा तो मुलाला जवळ घेतो आणि सांगतो की मला माहीत होते, पण नुसत्या तुझ्या शब्दावर स्वीकारले असते तर लोकांनी शंका घेतली असती.

म्हणजे व्यासांचा दुष्यंत नाकारतो आणि कालिदासाचा विसरतो. शाप म्हणजे राजाला दिलेली न कळण्याची सोयच. कालिदासाने नायकाची अब्रू वाचवली, असे पुष्कळांनी म्हटले आहे. पण कालिदास इतका सरळ नाही. पाचव्या अंकाच्या आरंभी, शकुंतला दरबारात यायच्या आधीच, आतून हंसपदिका राणीचे गाणे ऐकू येते. एकदा प्रेम करून विसरलेल्या राजाला दिलेला तो टोमणा आहे. आणि राजा बेचैन होतो. जवळचे कुणी दुरावलेले नसताना आपल्याला हुरहूर का लागावी, ते त्याला समजत नाही. शापाखालीही काहीतरी जागे आहे. मला विचाराल तर या नाटकातला खरा उमगण्याचा क्षण अंगठीचा नव्हे, हा आहे. अर्धवट, आणि म्हणून अधिक खरा. अंगठी हा पुरावा झाला. पुराव्याने न्यायालय चालते, माणसाचे मन क्वचित.

आता पुस्तकातून बाहेर येतो, निदान नाटकातून. १९०१ साल. साताऱ्याहून काही मुले उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे निघाली. वडील परगावी खजिनदाराच्या नोकरीवर होते. मुलांसाठी नवे कपडे शिवले, टोप्या घेतल्या, आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कुणी नाही. (वडिलांना पत्र पोचलेच नव्हते, ते ज्याच्या हाती पडले तो शिपाई द्यायला विसरला होता.) पोशाख पाहून स्टेशनमास्तरला वाटले, चांगल्या घरची, वरच्या जातीची मुले दिसतात. त्याने आपुलकीने विचारपूस केली. मुलांनी भाबडेपणाने जात सांगितली, आणि त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे घेऊनही बसवायला तयार होईनात. शेवटी एक तयार झाला, या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार. रात्री जकात नाक्यापाशी मुक्काम. बरोबर पोटभर जेवण होते, पाणी नव्हते. मुसलमान आहोत असे सांगून, उर्दूत बोलून पाहिले, तरी नाक्यावरच्या माणसाने पाणी दिले नाही. मुले उपाशी झोपली.

त्यातला नऊ-दहा वर्षांचा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हा प्रसंग लिहिला आहे, आणि त्यात जे म्हटले आहे त्याच्याइतके नेमके या विषयावर मी कुठे वाचलेले नाही. ते असे म्हणत नाहीत की त्या रात्री मला कळले की मी अस्पृश्य आहे. ते तर त्यांना ठाऊक होतेच. शाळेत वेगळे बसायचे, बसायला घरून गोणपाट न्यायचे, आणि ते रोज परतही आणायचे. तहान लागली तर शिपायाने वरून नळ सोडायचा. शिपाई नसला तर पाणी नाही. न्हावी केस कापत नव्हता, म्हणून बहीणच भावांचे केस कापायची. हे सगळे त्यांनी तपशीलवार सांगितले आहे, आणि सांगतात ते असे की तोवर हे सारे चालतच आलेले, गृहीत धरलेले होते. त्या प्रवासाने धक्का दिला आणि विचार करायला लावले.

माहितीत भर किती पडली? काहीच नाही. उलट गोणपाट हा रोजचा अपमान होता आणि गाडीवान एका दिवसाचा. मग तो दिवस का? माझा अंदाज सांगतो, अंदाज म्हणूनच घ्या. नवे कपडे अंगावर होते, आनंदात निघाले होते, आणि स्टेशनमास्तर आधी चांगला वागला होता. आपल्याला कसे वागवले जाऊ शकते, ते त्या मुलाने काही मिनिटे पाहिले आणि मग ते काढून घेतलेले पाहिले. शाळेत तुलनेला जागा नव्हती. मसूरच्या फलाटावर मिळाली.

आता एक घरगुती गोष्ट. ती सांगायला संकोच वाटतो आहे, कारण वरच्या प्रसंगापुढे ती फार लहान आहे. एका दिवाळीच्या साफसफाईत मी आईच्या स्वयंपाकघरातले डबे पुसून लावत होतो आणि लक्षात आले की वरची फळी रिकामी आहे. डाळींचे, पोह्यांचे, रव्याचे सगळे डबे ओट्यावर नाहीतर ओट्याखाली. विचारले तर म्हणाली, ‘‘वर ठेवलं की विसरायला होतं.’’ मी डबा हातात घेऊन उभा. हात खांद्याच्या वर जात नव्हता तिचा. मग मागचे सगळे आपोआप रांगेत येऊन उभे राहिले : साडीचा पदर डाव्या हाताने घेणे, कपडे दोरीवर न टाकता खुर्चीच्या पाठीवर टाकणे, देवघरातला दिवा खाली पाटावर येणे. एकूणएक मी पाहिलेले होते. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘‘अहो दादा, कधीपासून! डबे मीच तर खाली काढून दिले.’’ इथेही योकास्टा होतीच.

एव्हाना तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात आले असेल की हा माणूस उमगणे म्हणजे नेहमी वाईटच बातमी समजतो. तसे नाही. इरावती कर्व्यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख आठवा. एका सभेत पाहुण्यांची ओळख करून देताना त्या अमक्यांची मुलगी, महर्षी कर्व्यांची सून, अमक्यांची पत्नी असे सगळे सांगून होते, आणि बाईंना चुटपूट लागते की यात काहीतरी राहिले. काय ते कळत नाही. मग रस्त्याने जाताना पोरांच्या घोळक्यातून कुणी तरी म्हणते की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि ओळख पुरी होते. किती थोडक्यात आणि किती हसत लिहिले आहे! मानववंशशास्त्राची एवढी मोठी अभ्यासक, नातेसंबंधांवर ग्रंथ लिहिणारी; आणि तिचे हरवलेले नाते तिला गल्लीतल्या पोराने सांगावे. सोय संपण्याचे माझे सूत्र इथे नीट बसत नाही, हे मान्य. इथे कुणी काही टाळत नव्हते. पण एक गोष्ट इथेही तीच : सांगितले गेले ते आधीपासून ठाऊकच होते.

मग असा क्षण दुसऱ्याला देता येतो का? शिक्षकांना हा प्रश्न पडतोच. नुसते सांगून देता येत नाही, एवढे टायरीसियसने सिद्ध केले आहे. बुद्धाने किसा गोतमीला काही सांगितले नाही. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत आलेल्या त्या आईला त्याने म्हटले, ज्या घरात कुणी मेलेले नाही तिथून मूठभर मोहरी आण. मोहरी प्रत्येक घरात होती. माणसे मरतात हे गोतमीला माहीत नव्हते थोडेच! पण ते तिला दारोदार पायांनी गोळा करावे लागले. आपल्या नामदेवांचेही तसेच. गोरोबाकाकांनी थापटण्याने तपासून ‘कच्चे मडके’ ठरवले, नामदेव रुसले, आणि अखेर औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांपुढे जाऊन उभे राहिले. म्हातारा पिंडीवर पाय ठेवून पडलेला. पाय काढा म्हटले तर म्हणतो, देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. देव सर्वत्र आहे हे वाक्य नामदेवांनी त्याआधी किती कीर्तनांत सांगितले असेल! ते पहिल्यांदा हातांना कळले, दोन पाय उचलून कुठे ठेवायचे या अडचणीत. आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण ज्या कुणी ती रचली त्याला शिकवण्याचे मर्म ठाऊक होते.

शेवटी, क्षणानंतरचे काय? कथा तिथेच संपते आणि लेखक सुटतो. टॉल्स्टॉय सुटत नाही, म्हणून तो मला मोठा वाटतो. ‘ॲना कॅरेनिना’च्या अखेरच्या भागात लेविनला, देवाचा ठाव न लागल्याने आत्महत्येच्या विचारापर्यंत गेलेल्या त्या जमीनदाराला, फ्योदोर नावाच्या शेतकऱ्याच्या सहज बोलण्यातून जगण्याचा अर्थ सापडतो. तो गवतात पडून आनंदाने भरून जातो. आता कुणाशी भांडण नाही, कुणावर राग नाही, असे ठरवतो. आणि घरी परतताना गाडीवान इवान लगाम ओढून वाट दाखवायला जातो, तोच लेविन त्याच्यावर खेकसतो. मला शिकवू नकोस! आणि लगेच वरमतो. साक्षात्काराला काही तासही झाले नव्हते. जागतिक साहित्यात याच्याइतका प्रामाणिक प्रसंग मला दुसरा माहीत नाही.

दुसरे टोक मसूरच्या त्या मुलाचे. ते मी त्याच रात्रीला जोडून दाखवणार नाही. चरित्र असे सरळ रेषेत चालत नाही, मध्ये कोलंबिया आहे, लंडन आहे, बडोद्यातला अपमान आहे. पण पाण्याचा प्रश्न पुढे कुठे आला ते सर्वांना ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला १९२३मध्ये. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे ठरवले १९२४मध्ये. म्हणजे कागदावर सर्वांना सर्व ठाऊक होते. तरी २० मार्च १९२७ उजाडेपर्यंत त्या तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी घेतले नव्हते. त्या दिवशी हजारो माणसे चालत तळ्यावर गेली आणि आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर सवर्णांनी तळ्याचे शुद्धीकरण केले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि तळे सार्वजनिकच आहे हे मुंबई उच्च न्यायालयाला उमगून तसा निकाल लागायला १९३७ साल यावे लागले.